कितवी आली गं?

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. इटलीतल्या क्रोनप्लाट्झ नावाच्या डोंगरावर बर्फावरच्या शर्यती चालल्या होत्या. अमेरिकेची मिकेला शिफ्रिन त्या दिवशी जिंकली. वर्ल्ड कपमधला तिचा तो ८३ वा विजय. बायकांमधला तोवरचा ८२ विजयांचा विक्रम तिनं मागं टाकला. ऑस्ट्रियाच्या टीव्हीवाल्यांनी माईक पुढं केला, तेव्हा बोलता बोलता ती सहज सांगून गेली, की सध्या महिन्यातले 'ते' दिवस आहेत, त्यामुळं जरा जास्तच थकायला होतंय. आता इंग्रजीत पाळीच्या चक्राला आणि सायकलला शब्द एकच. त्याचं जर्मनमध्ये भाषांतर होऊन प्रेक्षकांच्या कानावर गेलं ते असं, की बिचारीला हल्ली सायकल चालवायला वेळच मिळत नाही!

हसू येतं ना? मलाही आलं. पण हसता हसता मनात आलं, असलं भाषांतर करण्यात आपला हात कोण धरणार? 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे', 'अडचण आहे' ही आपलीच भाषांतरं. आणि आठवीतली पोरगी पी.टी.च्या सरांना "सर, पोटात दुखतंय" म्हणते, तेही भाषांतरच. सरांना कळतं, पोरीला कळतं, की सरांना कळलंय. तरी शब्द काही तोंडातून बाहेर पडत नाही. मग दर महिन्याला तीन-चार दिवस पोटात दुखणारी पोरगी हळूहळू मैदानावर दिसेनाशी होते. आणि आपण म्हणतो, तिला खेळाची आवडच राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या बाईला बर्फाशी काय देणंघेणं? आपला बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा, फार तर लग्नातल्या सरबताच्या पिंपातली लादी. खरं आहे. पण या शर्यतींचा हंगाम मला फार ओळखीचा वाटतो. आपल्याकडं दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गळीत हंगाम सुरू होतो आणि उन्हं तापायला लागली की संपतो. अगदी त्याच वेळी तिकडं बर्फावरचा हंगाम चालतो. ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियात सोल्डनच्या हिमनदीवर पहिली शर्यत आणि मार्चमध्ये शेवटची. मधले पाच महिने या पोरी पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरतात. या आठवड्यात फिनलंड, पुढच्या आठवड्यात अमेरिका, मग स्वित्झर्लंड, मग इटली. ऊसतोडीच्या टोळीसारखंच, पालं तेवढी महागाची, एवढाच काय तो फरक!

शर्यत म्हणजे काय, तर पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की बांधून डोंगराच्या उतारावरून खाली यायचं. वाटेत रोवलेल्या काठ्यांच्या मधून, ठरवून दिलेल्या वाटेनंच. एक जरी फाटक चुकलं तरी बाद. काठ्या जवळजवळ रोवल्या की स्लॅलम, लांब लांब रोवल्या की जायंट स्लॅलम. त्याहून वेगाची ती सुपर-जी, आणि सगळ्यात वेगाची डाउनहिल. डाउनहिलमध्ये बायका ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं खाली येतात. पुणे-बेंगलोर रस्त्यावर आपण एवढ्या वेगात गाडीत बसलो तरी मुठी आवळून देवाचं नाव घेतो. इथं तर अंगावर एक घट्ट कपडा आणि डोक्यावर हेल्मेट! निकाल लागतो सेकंदाच्या शंभराव्या भागावर. २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये चेक देशाच्या एस्टर लेडेकाला सुपर-जीचं सुवर्ण मिळालं ते अवघ्या ०.०१ सेकंदानं. गंमत म्हणजे ही बाई मूळची स्नोबोर्डवाली, स्कीची जोडीही तिनं शिफ्रिनची वापरलेली घेतली होती. जाऊ दे, तो विषय वेगळा.

मला सांगायचंय ते त्यांच्या गुणांच्या हिशेबाबद्दल. पहिली आली तर १०० गुण. दुसरीला ८०, तिसरीला ६०, चौथीला ५०, पाचवीला ४५. असे उतरत उतरत तिसाव्या नंबरलासुद्धा एक गुण मिळतो. हंगामात बायकांच्या पस्तीसेक शर्यती होतात, त्या सगळ्या गुणांची बेरीज मार्चमध्ये मांडतात आणि जिची बेरीज मोठी तिला स्फटिकाचा मोठा गोल देतात. ऑलिम्पिकचं पदक एका दिवसाचं असतं, हा गोल पाच महिन्यांचा. खेळातल्या जाणत्यांना याच गोलाचं जास्त अप्रूप. कारण यात सर्दी-ताप, पाळी, पडझड, विमान चुकणं, घरची आठवण, सगळं मोजून होतं. एखाद्या रविवारी पडलीस? हरकत नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा डोंगर आहेच.

आणखी एक नियम मला फार आवडला. स्लॅलममध्ये दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतल्या तीसजणी दुसऱ्या फेरीला जातात, आणि दुसऱ्या फेरीत सगळ्यात आधी सोडतात ती तिसाव्या नंबरच्या पोरीला. ताजा, न उकरलेला बर्फ तिला मिळतो. पहिली आलेली सगळ्यात शेवटी, खाचा पडलेल्या वाटेवरून. मागं राहिलेलीला चांगली वाट आधी द्यायची, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल!

आता आपल्याकडं या. पोरगी तालुक्याच्या स्पर्धेवरून दमून घरी येते. चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न, "कितवी आली गं?" काका विचारतात, शेजारची काकू विचारते, दूध घालायला आलेला पोरगाही विचारतो. "पाचवी" म्हटलं की चेहरे पडतात. पाचवी म्हणजे काहीच नाही. त्यांच्या हिशेबानं ४५ गुण झाले असते, आपल्या हिशेबानं शून्य. दोनदा असं झालं की आजीचं सुरू, "बास झालं आता ते हुंदडणं, उन्हानं काळी पडलीय नुसती." आई गप्प, कारण तिलाही कुणी विचारत नाही. वडील म्हणतात, "दहावीचं वर्ष आहे, क्लास लावलाय." आणि जिथं खेळू देतात, तिथं कित्येकदा नजर असते ती दहावीच्या खेळाच्या वाढीव गुणांवर. ते मार्कलिस्टवर पडले की बूट माळ्यावर.

हे आपण मुलग्यांच्या बाबतीत करत नाही, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. तालमीचं गाव आहे आपलं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. एखादा पैलवान एका जत्रेत चितपट झाला, तर गाव काय म्हणतं? "पुढच्या मैदानाला बघू." त्याचा खुराक बंद होत नाही. उलट दुधाचं माप वाढतं. शाहू स्टेडियमवर एखाद्या पेठेचा संघ अंतिम सामना हरला, तर रात्रभर हळहळ होते, पण 'आता फुटबॉल बंद करा' असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय? पुढच्या सीझनची वर्गणी सुरू होते. 'सीझन' हा शब्द कोल्हापुरात पोरासोरांना माहीत आहे. हंगाम म्हणजे काय, हरणं हा हंगामाचाच भाग कसा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त मुलींच्या वेळी आपण ते विसरतो. मुलाला हंगाम आणि मुलीला एक दिवस! त्या एका दिवसात तिनं नंबर काढून दाखवायचा, नाहीतर घरी बसायचं.

शिफ्रिनचंच बघा. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा सगळ्या जगानं तिच्या गळ्यात पदकं आधीच घालून ठेवली होती. झालं उलटंच. जायंट स्लॅलममध्ये सुरुवातीलाच बाद. स्लॅलम म्हणजे तिचा हातखंडा, त्यातही सुरुवातीलाच बाद. ती वाटेच्या कडेला बर्फात गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली आणि जगभरचे कॅमेरे तिच्यावर रोखलेले. एकत्रित शर्यतीतही बाद. एकही पदक नाही. त्या तासा-दोन तासांत लोक तिला काय काय बोलले असतील, आपण कल्पना करू शकतो. आपल्याकडं असती तर विमानतळावरून रिक्षानं गुपचूप घरी आली असती. पण हंगाम संपलेला नव्हता. काही आठवड्यांनी फ्रान्समध्ये शेवटच्या शर्यती झाल्या आणि वर्षभराचा स्फटिकाचा गोल शिफ्रिननंच उचलला. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या मार्चमध्ये तिनं इंगेमार स्टेनमार्क या स्वीडिश खेळाडूचा ८६ विजयांचा विक्रम मोडला. पुरुषाचा विक्रम, बरं का! फिनलंडमधल्या लेवी गावची शर्यत जिंकली की बक्षीस म्हणून चक्क एक रेनडिअर देतात. जिंकणारीनं त्याचं नाव ठेवायचं. शिफ्रिननं तिच्या एका रेनडिअरचं नाव आधीच 'इंगेमार' ठेवून दिलं होतं.

तिची आई आयलीन, पूर्वीची नर्स, पुढं लेकीची कोच झाली. २०२० साली वडील अपघातानं अचानक गेले, तेव्हा ती हंगाम अर्धा सोडून घरी आली होती. मग पुन्हा गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात शंभराव्या विजयाच्या तोंडावर असताना ती पडली आणि पोटाला खोल जखम झाली. जखम भरली, पण मनातली भीती गेली नाही, हे तिनं लपवलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत जागतिक स्पर्धेतली जायंट स्लॅलम तिनं सोडून दिली. म्हणाली, अजून भीती वाटते. त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, इटलीतल्या सेस्त्रिएरेला तिनं शंभरावा विजय घेतला. 'भीती वाटते म्हणून आज उतरत नाही' असं म्हणण्याची मुभा असलेली बाई शंभर वेळा जिंकू शकते, हे मला त्या शंभर आकड्यापेक्षा मोठं वाटतं. २०२६ च्या फेब्रुवारीत इटलीतल्याच कोर्तिनाला ऑलिम्पिक झालं, तेव्हा स्लॅलमचं सुवर्ण तिच्याकडंच गेलं. बीजिंगचा 'निकाल' धरून बसलो असतो तर?

आपल्या देशाचंही थोडं सांगते. १९८८ साली कॅनडात कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताची शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली. हिवाळी ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय बाई. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत ती शेवटची, २८ वी. पण त्या दिवशी कितीतरी नावाजलेल्या जणी फाटकं चुकून बाद झाल्या होत्या आणि ही पोरगी दोन्ही फेऱ्या पूर्ण करून खाली आली होती. 'शेवटची आली' असंही म्हणता येतं आणि 'पोहोचली' असंही. २००६ मध्ये इटलीत तुरिनला नेहा आहुजा गेली. मग २०१८ च्या जानेवारीत मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला स्लॅलममध्ये कांस्य जिंकलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. पंतप्रधानांनी अभिनंदन केलं, पेपरात फोटो आले. तोवर सरकारी मदत मिळाली नव्हती, खर्च घरानंच उचलला, हेही तेव्हाच तिच्या तोंडून कळलं. पदकाचा दिवस सगळ्यांनी बघितला. त्याआधीचे हंगाम, युरोपात राहण्या-जेवण्याचा खर्च, स्कीच्या जोड्या, ते सारं बापाच्या खिशातून गेलं. २०२१ मध्ये तिनं मॉन्टेनेग्रोमध्ये आणखी एक कांस्य मिळवलं. ते किती जणींना माहीत आहे?

आणि लांब कशाला, आपल्याच गावात बघा ना. तेजस्विनी सावंतनं २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं घेतली. २०१० च्या ऑगस्टमध्ये म्युनिकला ती जगज्जेती झाली, ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, ६०० पैकी ५९७ गुण. जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच वर्षी तिचे वडील गेले होते. आता यातली मेख अशी, की ज्या प्रकारात ती जगात पहिली, तो प्रकार बायकांसाठी ऑलिम्पिकमध्ये नव्हताच! ऑलिम्पिकचं दार तिला उघडलं ते थेट टोकियोला, २०२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. तिथं ती ३३ वी आली. "कितवी आली?" विचारणाऱ्यांसाठी एवढं एका वाक्यात संपलं. पण मेलबर्न ते टोकियो ही पंधरा वर्षं रोज सकाळी उठून रायफल उचलायची, निवड हुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, मधल्या काळात लोक विसरणार हे गृहीत धरायचं, याला गुण कोण देणार?

राही सरनोबतचंही तसंच. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण. मग कोपराची दुखापत. नेमबाजाचा कोपर म्हणजे गवय्याचा गळा. मधली वर्षं ती कुठं होती हे विचारायला फार जण गेले नसतील. २०१८ मध्ये इंडोनेशियात पालेमबांगला आशियाई स्पर्धेत बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, तिथंही बरोबरी, मग दुसरा शूट-ऑफ, आणि सुवर्ण. त्या दिवशी गावात फटाके वाजले. कस्तुरी सावेकर तर आपली बर्फातलीच पोरगी. २०२१ साली खराब हवामानामुळं तिला एव्हरेस्टवरून परत फिरावं लागलं आणि २०२२ च्या मे महिन्यात ती शिखरावर उभी राहिली. परत फिरली त्या वर्षी घरच्यांनी 'झालं तेवढं पुष्कळ' म्हटलं असतं तर दुसरं वर्ष उजाडलंच नसतं.

सत्काराला माझा विरोध नाही. फेटा, हार, शाल, श्रीफळ, सगळं करा, उघड्या जीपमधून मिरवणूकही काढा. कोल्हापूरला मिरवणुकीशिवाय करमत नाही. पण त्या एका मिरवणुकीच्या खर्चात एखाद्या पोरीचा वर्षाचा खुराक आणि प्रवास निघतो, हेही कुणीतरी मंडळाच्या बैठकीत बोलायला पाहिजे. आणि पैशाचाच विषय निघालाय म्हणून सांगते. बर्फावरच्या या वर्ल्ड कपमध्ये बायकांच्या आणि पुरुषांच्या बक्षिसाची किमान रक्कम सारखी ठेवायचा नियम आहे. आपल्या जत्रांतल्या मैदानात बायकांची कुस्ती लावतात, टाळ्याही भरपूर पडतात, आणि इनामाचा आकडा बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या इनामाच्या पासंगालाही पुरत नाही. पत्रिकेवर मात्र 'प्रमुख आकर्षण'!

आता शरीराचं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला मीराबाई चानूचं कांस्य एका किलोनं हुकलं, ती चौथी आली. नंतर ती म्हणाली, पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात थोडा अशक्तपणा होता. लगेच काहींनी कुजकट बोलून घेतलं, की हरल्यावर कारणं सुचतात. अहो, शिफ्रिननं जिंकल्यावर हेच सांगितलं होतं ना? मग ते कारण कसं? ती माहिती आहे. हवा कशी होती, बर्फ कसा होता हे जसं सांगतात, तसंच अंग कसं होतं हेही सांगायचं. तिकडं हळूहळू फरक पडतोय. विम्बल्डननं बायकांना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायला २०२३ पासून परवानगी दिली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ डाग पडेल म्हणून जीव मुठीत धरून खेळणाऱ्या पोरींची कुणाला आठवण झाली नव्हती!

आपल्याकडं तर प्रश्न याहून साधा आहे. तालुक्याच्या मैदानावर मुलींना जायला संडास आहे का? असला तर त्याला कडी आहे का, पाणी आहे का? पॅड बदलायला आडोसा आहे का? सकाळी सातला एस.टी.नं निघालेल्या पोरी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यालं की जावं लागेल. तहानलेली पोरगी चारशे मीटर धावते आणि आपण विचारतो, कितवी आली! शाळेच्या पालकसभेला आपण जातो तेव्हा मार्कांवर तासभर बोलतो. एखादीनं उठून एवढं विचारलं, की स्पर्धेला मुलींबरोबर बाई जातात की नुसते सर, तर आभाळ कोसळणार नाही. विचारून बघा, सर बिचारे बहुतेक वेळा बरंच झालं म्हणतील. त्यांनाही अवघडल्यासारखं होतच असतं.

या शर्यतींतलं सगळंच मला पटतं असं नाही. लिंडसे व्हॉन नावाची अमेरिकेची जुनी खेळाडू, शिफ्रिननं मोडला तो ८२ विजयांचा विक्रम हिचाच. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका गुडघ्याचा भाग शस्त्रक्रियेनं बदलून ती पुन्हा उतरली. २०२५ च्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती एका सुपर-जीत दुसरी आली. तिथपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. पण २०२६ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, तरी ती कोर्तिनाच्या डाउनहिलला उतरली, सुरुवातीच्या काही सेकंदांतच पडली, पाय मोडला आणि हेलिकॉप्टरनं तिला न्यावं लागलं. 'या वयात कशाला?' असं मी म्हणणार नाही, ते वाक्य बायकांनी पुष्कळ ऐकलंय. पण दुखणं अंगावर काढणं म्हणजे शौर्य, हे आपल्या घरातल्या बायकांच्या इतकं अंगवळणी पडलंय, की त्याला आणखी टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नाही. शिफ्रिनचं 'आज नाही उतरत' मला जास्त जवळचं.

त्याच कोर्तिनात इटलीच्या फेदेरिका ब्रिन्योनेनं दोन सुवर्णपदकं घेतली. तिची आई निन्ना क्वारिओ स्वतः स्लॅलमची वर्ल्ड कप विजेती, पुढं पत्रकार झाली. ब्रिन्योनेला वर्षभराचा मोठा गोल २०२० नंतर दुसऱ्यांदा मिळाला तो चौतिसाव्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये. तोवर कितीदा ती दुसरी, पाचवी, अकरावी आली असेल! गोल मिळाला आणि पंधरवड्यात पाय मोडला. दहा महिन्यांनी ती पुन्हा डोंगरावर. घरात आई हंगाम म्हणजे काय हे जाणणारी होती, याचा काहीतरी संबंध असेलच.

आपल्यापैकी बहुतेक आया कुठल्या शर्यतीत धावल्या नाहीत. आमच्या ओळखीतल्या एक बाई आहेत, शिवणकाम करतात. त्यांची लेक लांब पल्ल्याचं पळते. या बाईंनी दोनशे पानी वही केली आहे. रोजची तारीख, किती पळाली, किती वाजता झोपली, काय खाल्लं, पाय कुठं दुखला, पाळीचे दिवस कुठले. स्पर्धेच्या दिवशी वेळ किती लागली ते सेकंदासकट. नंबराचा रकाना वहीत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "नंबर काय वो, बरोबर कोण पळतंय त्याच्यावर असतंय. वेळ तिची ती असती." वहीच्या शेवटच्या पानावर बुटांचा हिशेब आहे. जूनमध्ये घेतलेला जोड डिसेंबरात फाटला, नवीन कधी घ्यायचा ते अजून ठरलेलं नाही.